हलबला तू माझा दुभाष्या होतास

प्रिय कासीमभाई,

आज दुपारच्या गाडीनं भाभी आन तुझी सकीना हैदराबादला गेल्या, भाभीच्या भावाकडं. त्यांना डब्यात बसवून मी घरी आलो. रिबकानं ताट वाढलं, ते मी तसंच बाजूला सारलं. अशा वेळी मी उठून तुझ्या ओट्यावर यायचो. आजही उठलो. तुमच्या दाराला बाहेरून कडी दिसली, तसा माघारी फिरलो आन कागद घेऊन बसलो.

तुला बाळबोध वाचता येत नव्हतं, मला ठाऊक आहे. मला माझ्या आईनं प्रार्थनेच्या पुस्तकावरून मराठी शिकवलं, तुला मौलवीनं उर्दू. आपल्यात बोलणं चिक्कार झालं, लिहिणं कधीच न्हाई. पण मेलेल्या माणसाला आता कुठली लिपी अडवणार आहे?

मेलेल्या! बघ, लिहून गेलो. आजवर तोंडातून हा शब्द काढला नव्हता. भाभीसमोर तर न्हाईच न्हाई. रागावू नकोस.

आपलं काय, लहानपणापासूनचं. जालन्याच्या मस्तगडात भिंतीला भिंत लागून घरं, आन दोघांचेही बाप रेल्वेत. माझा बाप कोकणातून आलेला बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. जालन्यात आमचं एकच घर, म्हणून गावाला आमचा धर्म कधी नीट कळलाच न्हाई. कुणी म्हणे किरिस्ताव, कुणी म्हणे मुसलमानांतलेच कुठले तरी. सुंता तुमच्यासारखी, शनवारी चूल बंद, बोलणं मराठी आन आईचं लुगडं नऊवारी! लोकांनी समजावं तरी काय? तू मात्र कधी विचारलं न्हाईस आम्ही कोण. पुढं तू इंजिनाचा ड्रायव्हर झालास, मी शेडात फिटर. तू इंजिन बिघडवून आणायचास, मी नीट करायचो, आन वरून शिव्या बी मीच खायच्या!

आई आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायची. मुंबईतले आमचे जुने लोक तसंच म्हणतात. सणाला मुंबईला जाऊन आली की सांगायची, "मशिदीत गेल्ते." तू ओट्यावरून ओरडायचास, "मंग आमच्या मशिदीनं काय घोडं मारलं, चाची?" ती तुला लाटणं दाखवायची.

एकच गोष्ट तिला सलत होती. आमच्यात माणूस गेल्यावर मुलानं कद्दिश म्हणायचं असतं. ती गेलेल्यासाठीची प्रार्थना, पण एकट्यानं म्हणून चालत न्हाई. आमचे दहा पुरुष जमावे लागतात. जालन्यात दहा कुठून आणायचे? माझा बाप गेला तेव्हा कद्दिश तसंच राहून गेलं. "माझ्या वेळी तरी कुठं दहा माणसं मिळतात का बघ रे," ती म्हणायची. तिनं जन्मात माझ्याजवळ दुसरं काही मागितलं न्हाई.

आन तू काय केलंस? लढाई सुरू झाली, रेल्वेवाल्यांची भरती निघाली, आन तू स्वतःच्या नावासंगं माझं बी नाव देऊन आलास! मला न विचारता! "अरे, बगदाद बघू, बसरा बघू. जालन्यात राहून काय करून राह्यलास?" आई आठ दिवस तुझ्याशी बोलली न्हाई. मंग निघायच्या दिवशी तुझ्याच हातात लाडवाचा डबा दिला आन म्हणाली, "याला सांभाळ."

सांभाळलंस, कासीमभाई. मीच तुला सांभाळू शकलो न्हाई.

आपण मोसलला होतो तेव्हा तार आली. आई गेली. तार घेऊन मी रुळांच्या मधोमध उभा होतो. पाठीमागून इंजिन शंटिंग करत येत होतं आन मला ऐकू येत नव्हतं. तू बाही धरून मला बाजूला ओढलंस. साहेबाकडं रजा मागायला बी तूच आलास. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तू बसऱ्यात जहाजावर चढशील तेव्हा तिकडं महिना होऊन गेलेला असेल. जाऊन काय करशील?" खरंच होतं. जाऊन काय करणार होतो?

मंग तुझ्या अब्बांचं उर्दू पत्र आलं. शेडामागं कोळशाच्या ढिगावर बसून तू मला वाचून दाखवलंस. आईला न्हाऊ घालायला तिच्या सुनेच्या, रिबकाच्या मदतीला दुसरी बाई नव्हती, तेव्हा भाभी गेली. कबरस्तानाच्या कडेला अब्बांनी जागा काढून दिली आन स्वतः कुदळ मारली. वर लिहिलं होतं, "तुमच्यात तोंड कुठं करतात ते ठाऊक नव्हतं. तुझ्या बायकोला विचारलं आन तसंच केलं. काही चुकलं असलं तर माफ कर बेटा."

माफ कर! आईला मातीत ठेवायला तिचा मुलगा न्हाई, जातीतला एक पुरुष न्हाई, आन माफी मागून राह्यले तुझे अब्बा! तू वाचता वाचता थांबलास. त्या दिवशी तुझा चष्मा पुसायला मला माझा रुमाल द्यावा लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या तुकडीला इंजिनं दुरुस्त करायला शाम मुलखातल्या हलबला पाठवलं. मला त्या शहराचं काही नव्हतं. पोटात खाणं जात होतं, हातानं नट आवळले जात होते, एवढंच. तूच एका दुपारी म्हणालास, "रहमीम, शहर लई जुनं हाय. यहुदी असतीलच. दहा तर बिलकुल असतील. चल, चाचीचं काम करून येऊ."

"त्यांच्याशी बोलणार काय? मला अरबी कुठं येते?"

"मी हाय न्हाई का! कुराण पाठ हाय माझं!"

पाठ कुठलं! चार-दोन सुरे येत होते, तेवढ्यावर तू अख्ख्या शाम मुलखाचा दुभाष्या झालास. बाजारात एक जण डोक्यावर परात घेऊन तिळाच्या गोल रोट्या विकत होता. त्याच्यापुढं उभा राहून तू हात जोरात पुढं केलास आन विचारलंस, "अस्सिरातल मुस्तकीम?" म्हणजे हा रस्ता सरळ जातो का! नमाजातला शब्द, अल्लाकडं सरळ मार्ग मागायचा, आन तू तो यहुद्यांच्या गल्लीसाठी मागून राह्यलास! तो माणूस इतका हसला की परात खाली ठेवली. डोळे पुसले. मंग तू म्हणालास, "मस्जिदुल यहूद!" त्याला आणखी हसू फुटलं. पण बिचारा धंदा सोडून आपल्यासंगं गल्ल्या-गल्ल्यांतून दारापर्यंत आला. एक रोटी तुझ्या हातावर ठेवली, पैसे घेतले न्हाईत.

दार इतकं साधं, की मी म्हणालो हे न्हाईच. आत गेलो.

केवढं मोठं अंगण! पिवळट दगडाचं, चहूबाजूंनी कमानीच कमानी, टोकदार, एकामागं एक. दारांवर एक काळा दगड, एक पिवळा, असे पट्टे. अंगणाच्या मधोमध पायऱ्या असलेला ओटा, चार खांब, वर छोटासा घुमट. किती शेकडो वर्षांचं असेल कुणास ठाऊक. पायऱ्या मधे झिजून खोलगट झालेल्या. आपण दोघांनी न सांगता बूट काढून हातात घेतले, आठवतं? तिथं कुणीच काढत न्हाईत!

"अरे, ही तर आपली जालन्याची काळी मशीद!" तू एवढंच म्हणालास. मंग भिंतीपाशी गेलास. तिथं दगडात नक्षी, नक्षीच्या मधून अक्षरं. तू मोठ्या ऐटीत वाचायला बोट लावलंस, आन बोट थांबलं. अक्षरं अरबी नव्हती. माझ्या आईच्या पुस्तकात मराठीच्या बाजूला छापलेली असायची ती, इब्रानी. मला बी धड वाचता येत नव्हती, पण ओळख होती. मी एक शब्द लावला, दुसरा लावला. तू म्हणालास, "नक्षी आमची, अक्षरं तुमची. कारागीर कोण असंल रे?" मला काय ठाऊक?

"तोंड कुठं करता तुम्ही?"

"यरुशलेमकडं."

तू सूर्य बघितलास, हातानं अंदाज घेतलास. "म्हंजे दख्खनकडं. मक्का बी हितून दख्खनकडंच! जालन्यात तुझं-माझं तोंड पश्चिमेला, हितं दक्षिणेला. पण एकीकडंच की रे!" तुला कोण आनंद झाल्ता, जसं काही तूच ती दिशा फिरवली!

मंग तो म्हातारा आला. तिथला शामाश, म्हणजे रखवालदार. लाल टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. खाकी कपड्यांतले दोन काळे हिंदी बघून त्यानं हातानंच 'बाहेर' म्हणून दाखवलं. तू माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणालास, "यहूदी."

म्हातारा हसला. "हिंदी," तो म्हणाला.

"हिंदी यहूदी!"

त्यानं मान हलवली. असं कुठं असतं का, असा त्याचा चेहरा. तेव्हा तू छातीवर हात मारून, अख्खं अंगण घुमेल असं ओरडलास, "वल्लाही, यहूदी!"

हिंदुस्थानातला मुसलमान अल्लाची शपथ घेऊन सांगून राह्यला होता की हा माणूस यहुदी आहे. माझ्याच लोकांना! आन मला त्यांच्याशी एक शब्द बोलता येत नव्हता. असा मुका मी आयुष्यात कधी झालो न्हाई. आपल्या माणसांच्या दारात उभं राहून आपण त्यांचे आहोत हे पटवता येऊ नये, यापरती लाचारी कुठली?

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आन एकच शब्द म्हणाला, "शेमा?" म्हणजे आमची शेमा प्रार्थना येत असली तर म्हणून दाखव. आईनं मला झोपताना शिकवलेली पहिली ओळ. मी डोळ्यांवर हात ठेवला आन म्हणायला लागलो. अर्ध्यावर आलो तर दुसरा आवाज माझ्यात मिसळला. हात काढून बघतो तर म्हातारा डोळे मिटून माझ्यासंगं म्हणत होता. मंग त्यानं माझ्या गालाला हात लावला.

पुढचं सगळं तूच केलंस. त्याला कसं समजावलंस? "उम्म" म्हणालास, म्हणजे आई. जमिनीकडं बोट दाखवलंस. "हिंद" म्हणालास, लांब हात केलास. दहा बोटं पुढं धरलीस. म्हाताऱ्याला सगळं कळलं. तो गल्लीत गेला, पाठोपाठ तू. मी अंगणात एकटा. थोड्या वेळानं माणसं येऊ लागली. एक कापडवाला, गळ्यात टेप तसाच. एक न्हावी. दोघं-तिघं म्हातारे. सगळ्यांना पुढं घालून तू मागून, जसा वरातीचा मालक!

एक माणूस कमी पडला. तू पुढं होऊन म्हणालास, "मैं हूँ ना." सगळे हसले. शामाशनं प्रेमानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला आन मान हलवली. मंग परत बाहेर गेला आन काठी टेकत चाललेल्या एका आजोबाला अक्षरशः धरून आणलं.

आईनं पाठ करून घेतलेलं कद्दिश मी म्हणालो. दर थोड्या वेळानं ते सगळे एका सुरात 'आमेन' म्हणायचे. ज्यांनी माझ्या आईला कधी बघितलं न्हाई, तिचं गाव ऐकलं न्हाई, ते तिच्यासाठी 'आमेन' म्हणत होते. आन आई कुठं? जालन्याच्या कबरस्तानाच्या कडेला. तिला ऐकू गेलं असेल का? तुला काय वाटतं? आता तू तिकडं आहेस, विचार ना तिला.

मान वर केली तेव्हा तू कमानीखाली उभा होतास, दोन्ही हात उचललेले, ओठ हलत होते. परतताना मी विचारलं, काय म्हणत होतास? "काही न्हाई. चाचीचं नाव घेतलं, बस."

जाताना शामाशनं आपल्याला मागच्या बाजूला नेलं. चार पायऱ्या खाली एक गुहेसारखी खोली, तेलाचे दिवे. आमचे पैगंबर एलियाहू हन्नाबी तिथं आले होते, असं ते मानतात. आई त्यांच्याच नावानं पोहे, खोबरं, गूळ घालून मलिदा करायची आन पहिली बशी तुला द्यायची. मी सांगितल्यावर तू चमकलास. "म्हंजे आमचे हजरत इलियास? ते हितं येऊन गेले, आन मी त्यांचा मलिदा मस्तगडात बसून खाल्ला?" एक दिवा मी लावला, एक तू. तू मनात काय मागितलंस ते मला सांगितलं न्हाईस. फार विचारलं तर म्हणालास, "बस, दोघं बराबर घरी पोचू दे."

पोचलो बी. लढाई संपली, परत आलो, परत शेड, परत तुझं बिघडलेलं इंजिन. आईच्या कबरीवर दोघं गेल्तो. मला वाटलं, चला, झालं सगळं.

मंग गेल्या हिवाळ्यात मुंबईहून माझा मावसभाऊ आला. त्यानं सांगितलं, पलीस्तीनच्या वाटणीवरून तिकडं दंगल झाली आन हलबची ती जागा जाळली. मी तुझ्याकडं आलो. तू दाढी करून राह्यला होतास. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ऐकत राह्यलास.

"कुणी जाळली?"

"लोकांनी."

"लोक म्हंजे कोण?" तू केवढ्यानं ओरडलास! भाभी आतून धावत आली. "लोक म्हंजे कोण रे? तो रोटीवाला? तो होता का त्यात?"

मला काय ठाऊक, कासीमभाई? मला काय ठाऊक होतं?

तू साबण पुसलास. अर्धी दाढी तशीच ठेवून तू त्या दिवशी गाडी घेऊन गेलास. शेडात सगळे हसले. तू हसला न्हाईस.

पुढचे महिने कसे गेले ते तुला सांगायला नको. रझाकार डब्या-डब्यांतून फिरायचे, गावाकडची माणसं मुलं-बाळं घेऊन सरहद्दीपलीकडं पळून राह्यली होती. तुला त्यांनी टोपी घालायला सांगितली. तू म्हणालास, "माझ्या डोक्याला इंजिनाची काजळी पुरते." तेव्हा तुला काफिरांचा यार म्हणाले. आन मंग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, तर त्याच तुला दुसरे लोक रझाकार म्हणायला लागले! कुणाला सांगायचं? कोण ऐकून घेत होतं तेव्हा?

तुझी विधवा बहीण मंठ्याकडच्या खेड्यात बांगड्यांचं दुकान करायची. तिकडून बातम्या बऱ्या येत नव्हत्या. त्या सकाळी तू सायकल घेऊन दारात उभा.

"आपाला घेऊन येतो."

"वेडा झालास का? रस्ते कसे आहेत बघितलंस? दोन दिवस थांब."

"दोन दिवसांत तिचं काय होईल, तू सांगतो का?"

"मंग मी येतो संगं."

तू माझ्याकडं बघितलंस. ते बघणं मला अजून सोडत न्हाई. आवाज खाली घेऊन म्हणालास, "रहमीम, कुणी धरलं तर नाव विचारणार न्हाईत. कपडे उतरवून बघतील. तिथं तू काय सांगणार? बेने इस्राएल? तुझ्या-माझ्या अंगावर एकच खूण हाय. एकाच्या जागी दोघं जातील, बस. रिबकाला कोण बघंल?"

हलबला तू शपथ घेऊन सांगितलंस तेव्हा मी कोण आहे ते त्यांना कळलं. इथं माझ्यासाठी शपथ घेणारा तूच, आन तुलाच धरणार होते. मी सायकलचा दांडा धरून उभा राह्यलो. तू माझी बोटं एक-एक करून सोडवलीस. ओढाताण केली न्हाईस. हळूच सोडवलीस.

तू संध्याकाळपर्यंत आला न्हाईस. दुसऱ्या दिवशी न्हाई. चौथ्या की पाचव्या दिवशी फौजेच्या ट्रकमधून आपा आली, एकटी, धडधाकट! गावातल्याच पाटलानं तिला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. पहिला प्रश्न तिनं काय केला? "कासीम कुठंय?"

मी बघायला निघालो तेव्हा शेडातले गणपतराव मिस्त्री आपणहून संगं आले. म्हणाले, "एकटे नका जाऊ. मी पुढं चालतो." त्यांच्या कपाळावरच्या गंधाच्या आडोशानं मी त्या रस्त्यानं गेलो. प्रत्येक गावात विचारलं. माणसं दुसरीकडं बघायची. एका वावरात ज्वारी राखत बसलेली म्हातारी तेवढी बोलली.

"आल्ता की सायकलवाला. चष्मेवाला. पाणी मागितलं, दिलं. म्या म्हनलं, लेकरा, फुडं नको जाऊ, दिवस चांगले न्हाईत. तर म्हनला, बहीण हाय माझी तिकडं, माय."

"मंग?"

"मंग गेला."

"पुढं काय झालं, आजी?"

"मंग गेला, बाबा," ती म्हणाली आन पदर डोळ्यांना लावला. तिला ठाऊक होतं का न्हाई, देव जाणे. त्याच्या पुढं तुझा माग न्हाई. सायकल न्हाई, चष्मा न्हाई, काही न्हाई. एक-दोन विहिरींपाशी गणपतराव मला थांबवून स्वतः वाकून बघून आले. फौजेच्या तळावर एकानं नाव लिहून घेतलं आन म्हणाला, "असे लई आहेत."

तू ओरडला होतास, लोक म्हंजे कोण? आता मीच त्या रस्त्यावर प्रत्येकाचं तोंड बघून तेच विचारून राह्यलो होतो. पाणी देणारी म्हातारी बी त्याच रस्त्यावरची. आन तुला धरणारे बी त्याच रस्त्यावरचे. मी कुणाचं तोंड धरू?

तुझ्या मरहूम अब्बांनी माझ्या आईसाठी माती खोदली. भाभीनं तिला न्हाऊ घातलं. आन मला तुझ्यासाठी एक ढेकूळ उचलायला मिळू नये! मोहल्ल्यातल्या मशिदीत गेलो. जुम्मा होता, तरी मोजकी म्हातारी माणसं, ती बी दाराजवळ बसलेली. मौलवी कधीच निघून गेलेले. मी म्हणालो, कासीमभाईसाठी नमाज पढा. एक म्हातारा म्हणाला, "मय्यत नसली तरी पढता येते, बेटा. पण तो गेला हे आधी घरच्यांनी मानलं पाहिजे ना. त्याची बीबी काय म्हणते?"

तुझी बीबी काय म्हणायची, सांगू? "ते लढाईवर गेल्ते तेव्हा बी किती दिवस खबर नव्हती, भाऊजी. आले का न्हाई?" हातात हिरव्या बांगड्या तशाच. आपानं दुकानातल्या उरलेल्या आणून दिलेल्या. काढ म्हणायची हिंमत ना आपाला, ना रिबकाला, ना मला. म्हणजे नमाज न्हाई. आन मी माझं कद्दिश म्हणावं तर दहा माणसं न्हाईत, आन ते तुझ्यासाठी चालेल का हे बी सांगायला कुणी न्हाई. तू गेलास आन तुझ्यासाठी कुणीच काही म्हटलं न्हाई. असं कसं झालं रे?

आता आजचं सांगतो. तेच सांगायला बसलो होतो, सांगवेना म्हणून मागचं सांगत राह्यलो.

भाभीचा भाऊ न्यायला येणार होता, पण त्याची बी यायची हिंमत झाली न्हाई. ओळखीचा एक गार्ड त्या गाडीवर होता, त्याच्या भरवशावर दोघींना पाठवलं. आपा आली न्हाई. ती म्हणाली, "मी हितंच राहते, तो माझ्यासाठीच गेला, येईल तर माझ्याकडंच येईल." आता ती आमच्या घरी असते. भाभी बुरख्यात, खिडकीशी सकीना. किती उंच झाली ती! तुझंच नाक.

गाडी सुटायला थोडा वेळ होता. एवढ्यात नवा तिकीटबाबू जवळ आला. माणूस बरा आहे, बोलण्यात वाईट काही नव्हतं. मला म्हणाला, "कासीम ड्रायव्हरच्या घरच्या का या? तो पाकिस्तानात गेला म्हणे. तिकडं रेल्वेत नोकरी बी लागली म्हणतात."

भाभीनं नकाब वर केला. कासीमभाई, इतक्या महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर असा उजेड मी बघितला न्हाई. "खरं का, भाऊजी?" ती म्हणाली. "खरं असंल का?"

मी काय बोलायचं होतं? न्हाई म्हणालो तर तिच्या हातानं तिच्या बांगड्या फुटणार, त्या गाडीत, परक्या माणसांत. हो म्हणालो तर तू बायको-मुलीला टाकून पळालास, असं होणार. सकीना माझ्याकडं एकटक बघत होती. तिनं आईला दिसणार न्हाई अशी हळूच मान हलवली. न्हाई. त्या मुलीला सगळं ठाऊक आहे, आन ती आईसाठी गप आहे.

गाडी हलली. भाभी खिडकीतून विचारतच होती, "भाऊजी, कुणाकडून कळलं त्यांना? विचारून कळवा." मी हात वर केला. तिला वाटलं असेल, कळवतो म्हणून राह्यला.

भाभीला काय कळवू ते मला ठाऊक न्हाई. ते तुझं तू सांग, स्वप्नात ये, काही कर. तिला खरं सांगायची ताकद माझ्यात न्हाई.

पण गावाला मी सांगीन. एवढं वचन देतो. तू पाकिस्तानात गेलास असं म्हणणं सगळ्यांना सोपं आहे. मंग कुणाला काही विचारायला नको, कुणी काही सांगायला नको. मी जालन्यात आहे तोवर तुझ्याबद्दल असं कुणी म्हणालं, तर शेडात असो, बाजारात असो, हातातलं काम खाली ठेवीन आन सांगीन, कासीम ड्रायव्हर कुठं पळाला न्हाई. तो मंठ्याच्या रस्त्यानं बहिणीला आणायला गेल्ता, आन त्याला परत येऊ दिलं न्हाई.

उद्या सकाळी आधी त्या तिकीटबाबूकडं जातो.

तुझा,
रहमीम